मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाची किमया

दुखण्यावर मॉर्फिन द्यायचं तर मोठ्या माणसाला दंडात किंवा मांडीत साधारण १० मिलिग्रॅम टोचावं लागतं आणि त्याचा गुण चारेक तास टिकतो. तेच मॉर्फिन सीझरच्या वेळी कमरेतून, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडलं, तर मिलिग्रॅमचा दहावा भाग पुरतो. म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. आणि गुण टिकतो १८ ते २४ तास. औषध तेच, जखमही तशीच. मात्रा शंभर पटींनी कमी आणि आराम पाच पट लांब. जास्त दिलं की जास्त मिळतं, असं आपण सगळीकडे धरून चालतो. इथे ते गणित पार उलटं होतं. ते का होतं हे शोधत गेलं, की माणसाच्या शरीरातल्या एका विलक्षण जागेपाशी आपण पोचतो.

ही गोष्ट कुठल्या दूरच्या प्रयोगशाळेतली नाही. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत, डोंबिवलीत पूर्वेला आणि पश्चिमेला, कल्याणात स्टेशनपासून खडकपाड्यापर्यंत मॅटर्निटी होम्सच्या पाट्या दिसत राहतात. बरीचशी थोड्या खाटांची, राहत्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, खाली औषधाचं दुकान. शिवाय कळव्याला ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सीझरने झाल्याची नोंद आहे. चारातलं एक. हे प्रमाण जास्त आहे का, यावर वाद जरूर व्हावा. पण जिचं पोट उघडलं गेलं तिचं दुखणं त्या वादाच्या निकालासाठी थांबत नाही.

लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ सहसा नोकरीवर नसतात. फोन येतो, ते आपली बॅग उचलतात, कल्याण-शीळ रोडच्या गर्दीतून वाट काढत पोचतात, भूल देतात, ऑपरेशन पार पडून बाळ-बाळंतीण ठीक आहेत हे पाहतात आणि पुढच्या ठिकाणी निघतात. त्या बॅगेत काय असतं आणि ते निघून गेल्यावर रात्रभर बाळंतिणीवर लक्ष कोण ठेवतं, हे दोन प्रश्न या लेखात पुन्हा येणार आहेत.

आधी कमरेतून दिली जाणारी ही भूल, म्हणजे स्पायनल, काय असते ते नीट पाहू. बाईला टेबलावर बसवून पुढे वाकायला सांगतात. नऊ महिन्यांचं पोट वाकू देत नाही. सिस्टर किंवा मावशी समोरून खांदे धरून धीर देतात. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांना जोडणारी आडवी रेघ मनात आखून भूलतज्ज्ञ कमरेच्या तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यामधली फट बोटाने चाचपतात. ही जागा फार विचारपूर्वक ठरलेली आहे. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली फक्त नसांचा झुपका आणि त्याभोवती पाणी. सुई २५ किंवा २७ नंबरची, जाडीला अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक. ती योग्य ठिकाणी पोचली की मागच्या टोकाशी नितळ पाण्याचा एक थेंब येतो. तोच पुरावा.

त्या पाण्यात बुपिव्हाकेन नावाचं बधिर करणारं औषध सोडतात. त्यात डेक्स्ट्रोज, म्हणजे साखर, मिसळलेली असते. त्यामुळे ते कण्यातल्या पाण्यापेक्षा जड होतं आणि टेबल कलवून त्याला हवं तिथवर नेता येतं. थिएटरात त्याला सरळ ‘हेवी’ म्हणतात. साधारण दोन मिलिलिटर, म्हणजे १० मिलिग्रॅम. काही मिनिटांत पाय उबदार आणि जड होतात, मग हलेनासे होतात, आणि बधिरपणा वर चढत छातीपर्यंत येतो.

इथे एक कोडं आहे. सीझरची चीर ओटीपोटावर, अगदी खाली असते. मग बधिरपणा स्तनांच्या रेषेपर्यंत का न्यायचा? कारण कातडीचं दुखणं आणि पोटाच्या आतलं दुखणं वेगवेगळ्या वाटांनी जातं. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय शिवताना ते ओढलं जातं, काही सर्जन ते पोटाबाहेर काढून शिवतात. पोटाच्या आतलं अस्तर ताणलं जातं. या ताणाचा निरोप नेणाऱ्या नसा कण्यात बऱ्याच वर शिरतात. म्हणून असं होतं, की चीर घेतल्याचं बाईला कळतही नाही, आणि वीस मिनिटांनी ती म्हणते, आतून काहीतरी ओढतंय, मळमळतंय, जीव कोंडतोय. बुपिव्हाकेन वाढवून हे दाबायला जावं तर रक्तदाब कोसळतो, कारण ते औषध रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसाही झोपवतं.

यावर उपाय म्हणून त्याच सिरिंजमध्ये फेंटानिल मिसळतात. फेंटानिलच्या दोन मिलिलिटरच्या कुपीत १०० मायक्रोग्रॅम असतं. त्यातलं अर्धा मिलिलिटर किंवा त्याहून कमी, म्हणजे १० ते २५ मायक्रोग्रॅम. पाच-दहा मिनिटांत ते काम सुरू करतं. आतली ओढ सौम्य होते, मळमळ कमी होते, बुपिव्हाकेन थोडं कमी घालूनही भागतं. ऑपरेशननंतर आणखी दोन ते चार तास आराम मिळतो. आणि सिरिंजमध्ये मॉर्फिनही असेल, तर त्या आरामाला पूर्ण दिवसाची लांबी येते.

बुपिव्हाकेन भेदभाव करत नाही. नसेच्या पडद्यातून सोडियम आत शिरण्याची वाट ते बंद करतं, की ती नस गप्प. मग ती दुखणं सांगणारी असो, स्पर्श सांगणारी असो, की पाय हलवणारी. मॉर्फिन, फेंटानिल ही अफूच्या कुळातली औषधं याच्या अगदी उलट वागतात. ती दुखणं काढून घेतात. स्पर्श ठेवतात, पाय ठेवतात. बुपिव्हाकेन ओसरल्यावर बाई पाय पोटाशी घेते, कुशीवर वळते, उठून बसते, बाळाची ऊब तिला छातीवर नीट कळते. टाके मात्र फारसे बोलत नाहीत. एका संवेदनेला इतकं नेमकं वेगळं काढता येतं, हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

हे माणसाला कळायला मोठा काळ लागला. अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं ते जर्मनीतल्या फ्रीडरिश सर्ट्युर्नर या तरुण औषधविक्रेत्याने, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात. पुढे सत्तर-ऐंशी वर्षांनी कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे आनंदीबाई, अमेरिकेत डॉक्टर होत होती. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं होतं आणि ते दहा दिवसांत गेलं होतं. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तिने प्रबंधाला विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. त्या काळी मॉर्फिन होतं, ते टोचायची सिरिंजही होती. पण सीझर म्हणजे आईच्या जिवावरचाच खेळ, आणि कमरेतून भूल द्यायची कल्पना व्यवहारात यायला अजून बारा वर्षं होती.

१८९८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत कील इथे आउगुस्ट बीअर या सर्जनने ती प्रत्यक्षात आणली, कोकेन वापरून. रुग्णांवर करून पाहिल्यावर त्याने ती आपल्या सहायकाच्या, हिल्डेब्रांटच्या, कण्यात दिली आणि मग त्याच्या नडगीवर हातोडी मारली, पायाला पेटती सिगार लावली. हिल्डेब्रांटला काही कळलं नाही. नंतर मात्र त्याला प्रचंड डोकेदुखी आणि पायभर काळेनिळे वळ. दोनच वर्षांनी, १९०० मध्ये, बाझेलच्या ओस्कार क्राइसने बाळंतपणात हा प्रयोग केला. आणि १९०१ मध्ये रुमेनियाच्या राकोविचेआनू-पितेश्ती यांनी पॅरिसमध्ये कोकेनसोबत मॉर्फिन कण्यात दिल्याचं मांडलं. म्हणजे आजच्या सिरिंजमधली जोडी सव्वाशे वर्षांपूर्वीच सुचली होती! पण ती का चालते हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती कल्पना सत्तर वर्षं तशीच पडून राहिली.

उलगडा झाला तो १९७० च्या दशकात, एकामागून एक. १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अशा जागा दाखवल्या जिथे अफूतली द्रव्यं नेमकी जाऊन बसतात. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनीही तेच दाखवलं. मग साहजिक प्रश्न आला: खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या शरीरात जागा राखून ठेवलेली असेलच कशाला? त्याचं उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबरडीनमधून आलं. जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना शरीर स्वतःच तयार करत असलेली अफूसारखी द्रव्यं सापडली. एन्केफॅलिन हे त्यांचं नाव. त्या जागा मुळात आपल्या स्वतःच्या द्रव्यांसाठी होत्या. अफूचा चीक योगायोगाने तिथे बसतो.

याला बाळंतपणाशी जोडणारा एक धागा तर फारच सुंदर आहे. १९८० मध्ये ॲलन गिंट्झलर यांनी गाभण उंदरांच्या माद्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की दिवस भरत येतात तशी त्यांची दुखणं सोसण्याची ताकद वाढत जाते आणि विण्याच्या थोडं आधी ती सर्वांत जास्त असते. अफूचा परिणाम अडवणारं औषध दिलं की ही वाढ नाहीशी होते. म्हणजे होणाऱ्या आईचं शरीर स्वतःच आपल्या कण्यात हे काम करत असतं. भूलतज्ज्ञ सिरिंजमधून जे देतात, ते निसर्गाने आधीच धरलेल्या वाटेवरून पुढे जातं.

कण्यात हे काम जिथे होतं, ती जागा मज्जारज्जूच्या मागच्या भागात आहे. तिथे जेलीसारखा दिसणारा एक पातळ पट्टा असतो. इटलीच्या लुइजी रोलांदो यांनी त्याचं वर्णन १८२४ मध्येच करून ठेवलं होतं. टाक्यांपासून, गर्भाशयापासून दुखण्याचा निरोप घेऊन आलेली बारीक नस इथे संपते आणि पुढे मेंदूकडे जाणारी दुसरी पेशी इथे सुरू होते. मध्ये सूक्ष्म फट. पहिल्या नसेत कॅल्शियम शिरलं की ती फटीत रासायनिक द्रव्यं सोडते, ती दुसऱ्या पेशीला जागं करतात आणि निरोप वर जातो. मॉर्फिन दोन्हीकडे काम करतं. पहिल्या नसेत कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे निरोपाची द्रव्यं फारशी सुटत नाहीत. दुसऱ्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडू देतं, त्यामुळे ती सहजासहजी जागी होत नाही. हलक्या स्पर्शाच्या जाड नसा मेंदूकडे वेगळ्या वाटेने जातात. त्यांचं काम चालू राहतं.

१९७६ मध्ये टोनी याक्श आणि थॉमस रूडी यांनी उंदरांच्या कण्यात बारीक नळी ठेवून थेट तिथे मॉर्फिन सोडलं आणि दाखवून दिलं, की मेंदूला हात न लावता फक्त मज्जारज्जूच्या पातळीवर दुखणं थांबवता येतं. तीनच वर्षांनी, १९७९ मध्ये, मेयो क्लिनिकच्या वांग, नॉस आणि थॉमस यांनी कॅन्सरच्या असह्य वेदनांनी बेजार आठ रुग्णांच्या कण्यात अर्धा ते एक मिलिग्रॅम मॉर्फिन दिलं. बहुतेकांना बारा ते चोवीस तास आराम पडला. सुरुवातीच्या उलट्या गणिताचं उत्तर इथे मिळतं. दंडात दिलेलं मॉर्फिन रक्तातून अंगभर पसरतं आणि मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं रक्ताचं कुंपण ओलांडून या पट्ट्यापर्यंत त्यातला अगदी थोडा अंश पोचतो. कण्यात दिलेलं मॉर्फिन जेमतेम दीडशे मिलिलिटर पाण्यात, त्या पट्ट्याला चिकटूनच उतरतं. शंभराव्या भागात काम होतं ते यामुळे. म्हणूनच बाळापर्यंत आणि पुढे आईच्या दुधापर्यंत जाणारा अंशही नगण्य असतो.

मग फेंटानिल चार तासांत का संपतं आणि मॉर्फिन दिवसभर का राहतं? फेंटानिल चरबीत विरघळतं, मॉर्फिनपेक्षा कित्येक शे पटींनी सहज. आणि मज्जारज्जू चरबीने भरलेला असतो. मॉर्फिनला पाणी आवडतं. कल्याणला कसारा लोकलमध्ये दोघे एकदम चढले, तर फेंटानिल पुढच्याच शहाडला उतरून घरी जातं. मॉर्फिन खिडकी धरून बसून राहतं आणि टिटवाळा, वाशिंद, आसनगाव करत कसाऱ्यापर्यंत जातं. फेंटानिल सुईच्या आसपासच शिरतं, लगेच गुण देतं आणि रक्तात जाऊन ओसरतं. मॉर्फिनला गुण यायला तासभर लागतो, पण ते पाण्यात रेंगाळतं, त्या पाण्याबरोबर सावकाश वर सरकतं आणि वाटेतल्या प्रत्येक पातळीवर काम करत राहतं. म्हणून हुशार भूलतज्ज्ञ दोन्ही मिसळतात: ऑपरेशनपुरतं फेंटानिल, रात्रीसाठी मॉर्फिन.

पण मॉर्फिनच्या प्रवासाचं शेवटचं स्टेशन आहे मेंदूचा तळ, जिथून आपला श्वास चालवला जातो. इथे हा विषय गंभीर होतो. मात्रा जास्त झाली तर सहा-बारा तासांनी, सगळं शांत असताना, बाळंतिणीला गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. सुरुवातीच्या काळातल्या मोठ्या मात्रांमुळे हे घडलं आणि डॉक्टर धास्तावले. मग मात्रा उतरवत नेल्या. १९९९ मध्ये पामर आणि सहकाऱ्यांनी सीझर झालेल्या बायकांमध्ये वेगवेगळ्या मात्रा ताडून पाहिल्या, तेव्हा ०.१ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं तरी दुखणं आणखी कमी होत नाही, खाज तेवढी वाढते, असं दिसलं. आज युरोपातली ‘प्रॉस्पेक्ट’ मार्गदर्शिका ५० ते १०० मायक्रोग्रॅम सुचवते. इतक्या मात्रेत निरोगी बाईचा श्वास धोक्यात येणं अगदी विरळ. तरीही अमेरिकेतल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की ५० मायक्रोग्रॅमच्या वर आणि १५० पर्यंत दिलं असेल तर बारा तास, दर दोन तासांनी श्वास मोजावा आणि गुंगी किती ते पाहावं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. घड्याळ लागतं आणि जागं माणूस लागतं. श्वास मंदावलाच तर नालोक्सोनचं इंजेक्शन अफूच्या परिणामावर हुकमी उतारा आहे.

खाजेची गोष्ट वेगळीच. कण्यात मॉर्फिन घेतलेल्या बऱ्याच बाळंतिणींना नाकाच्या शेंड्यावर, चेहऱ्यावर, छातीवर खाज सुटते. घरचे घाबरतात, ‘ॲलर्जी झाली’ म्हणतात. ही ॲलर्जी नसते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झोउ-फेंग चेन यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं, की मॉर्फिनची खाज आणि मॉर्फिनचा आराम हे मज्जारज्जूत वेगळे काढता येतात. खाज थांबवली तरी आराम तसाच राहतो. म्हणजे एक दिवस खाजेशिवायचा आरामही हाती येऊ शकेल. तोवर नाल्ब्युफिनसारखं औषध थोडं दिलं की बहुतेकींची खाज निवते. मळमळ, लघवी तुंबणं हेही होऊ शकतं. पण लघवीची नळी सीझरमध्ये तशीही घातलेली असते.

आता बॅगेकडे. फेंटानिल हे नाव अनेकांनी अमेरिकेतल्या नशेच्या बळींच्या बातम्यांतच ऐकलेलं असतं. गायक प्रिन्स २०१६ मध्ये त्यानेच गेला. मग हेच विष आमच्या सुनेला? हा प्रश्न रास्त आहे. हे औषध बेल्जियमच्या पॉल यान्सन यांनी १९६० मध्ये तयार केलं ते भुलेसाठीच. बातम्यांतलं फेंटानिल चोरट्या मार्गाने, कोणालाच ठाऊक नसलेल्या मात्रेत पोटात जातं. थिएटरातलं मायक्रोग्रॅममध्ये मोजलेलं असतं आणि भूलतज्ज्ञ उशाशी उभे असतात. ब्रिटनमध्ये तर सीझरच्या स्पायनलमध्ये वर्षानुवर्षं डायमॉर्फिन घालत आले, आणि डायमॉर्फिन म्हणजे रसायनाच्या हिशेबाने हेरॉइनच.

आपल्याकडे अफूची भीती जुनी आहे, तशी ओळखही. शिंदे-होळकरांच्या माळव्यात पिकलेली अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जायची. गिरणीत पाळीला जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवून निजवत, आणि त्यातून लेकरं दगावत. आजही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. इतकं असून देशातल्या रुग्णाला मॉर्फिन मिळेना, अशी वेळ आपण आणली. १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, आला. परवान्यांचं जंजाळ आणि तुरुंगाचा धाक यामुळे डॉक्टर आणि औषध दुकानदार दोघेही मॉर्फिनपासून लांब झाले. १९८५ ते १९९७ या बारा वर्षांत भारतातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. नशा थांबवायला निघालो आणि औषध थांबवलं. माझ्या मते आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या इतिहासातलं हे एक दुःखद पान आहे. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन आणि फेंटानिल यांच्यासह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरवली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची एकदा मान्यता घेतलेली संस्था ती ठेवू शकेल अशी सोय केली. कुलूपबंद कपाट आणि प्रत्येक कुपीचा हिशेब मात्र हवाच. दहा खाटांच्या नर्सिंग होमला हे ओझं वाटतं, आणि मग बिनअफूच्या स्पायनलवर भागवलं जातं. रात्री डायक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल.

कण्यातल्या मॉर्फिनची एक व्यवहाराची अडचणही आहे. त्याची नेहमीची कुपी १० किंवा १५ मिलिग्रॅमची. त्यातला शंभरावा-दीडशेवा हिस्सा काढायचा, तोही टिकाऊपणासाठी रसायन न घातलेल्या कुपीतून. पातळ करताना दशांश चिन्ह एक घर सरकलं तर मात्रा दसपट होते. त्यामुळे जिथे रात्री लक्ष ठेवायला पुरेशी माणसं नाहीत, तिथे फेंटानिलवर थांबणारे भूलतज्ज्ञ मला शहाणे वाटतात. जिथे माणसं आहेत, तिथे मात्र मॉर्फिन न देण्याला सवयीपलीकडे फारसं कारण दिसत नाही.

जाता जाता कंबरदुखीविषयी. ‘पाठीत सुई मारली तेव्हापासून कंबर गेली,’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक घरात ऐकू येतं. अर्ध्या मिलिमीटरच्या सुईने टोचल्या जागी काही दिवस ठणकू शकतं; वर्षानुवर्षांची कंबरदुखी तिने होते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. बाळंतपणानंतरची कंबर सुई न घेतलेल्या बायकांचीही दुखते. नऊ महिने ताणलेलं पोट, सैल झालेले सांधे आणि रात्रंदिवस वाकून पाजणं यांचा तो हिशेब आहे.

आणि सीझरनंतरचा पहिला दिवस साधा नसतो. बाळ अंगावर पिऊ लागलं की गर्भाशय आवळतं आणि पोटात पुन्हा कळा येतात. त्यात टाके. दुखतं म्हणून बाई कुशीवर वळत नाही, खोकत नाही, उठत नाही. न उठल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. ‘सीझरवालीला काय कळतंय कळा’ असं म्हणणाऱ्या सासवा-मावश्यांनी हे एकदा समजून घ्यावं.

तुमच्या घरात कोणाच्या सीझरची तारीख ठरली असेल, तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांशी पाच मिनिटं बोलायला मिळावं असं डॉक्टरांना सांगा. विचारा: स्पायनलमध्ये बुपिव्हाकेनबरोबर काय घालणार आणि किती? मॉर्फिन असेल तर रात्री श्वास कोण मोजणार आणि दर किती वेळाने? नालोक्सोन याच इमारतीत आहे ना? घोरण्याचा त्रास, लठ्ठपणा, झोपेच्या गोळ्या, जुना दमा काही असेल तर न विचारताही सांगा. घाईचं सीझर असलं तरी एवढं विचारायला अर्धं मिनिट पुरतं, आणि ते नवऱ्याने किंवा आईने विचारलं तरी चालेल.